नियम बंद होते ते नऊ दिवस

४ फेब्रुवारी

आजपासून रक्तपेढीचा सर्व्हर माझ्या गळ्यात. संगणक बघणारे गृहस्थ शुक्रवारी नोकरी सोडून गेले. जाताना पासवर्डांची वही आणि "याला काही होत नाही हो" एवढं एक वाक्य मागे ठेवलं. व्यवस्थापकांनी मीटिंगमध्ये सगळ्यांवरून नजर फिरवली आणि ती माझ्यावर येऊन थांबली. "तुम्हाला सवय आहे, बाई." सवय मला आहे ती नोंदींची. एकोणीस वर्षं मी इथे रक्तदात्यांच्या आणि पिशव्यांच्या नोंदी ठेवते. सर्व्हरची खोली मी आजवर फक्त झाडून घेतली आहे.

तरी हो म्हणाले. सेहेचाळिसाव्या वर्षी कोणीतरी आपल्याला नवं शिकायला सांगतंय याचंच बरं वाटलं, खोटं कशाला लिहू.

यंत्रावर विंडोज नाही, लिनक्स आहे. घरी हे म्हणाले, "ताईला विचार की!" ताई म्हणजे ह्यांच्या थोरल्या बहीण. टेलिफोन खात्याच्या संगणक कक्षात त्यांनी तीस वर्षं काढली, आता निवृत्त. लग्नाला बावीस वर्षं झाली, पण त्यांच्यासमोर गेलं की मला अजून तोंडी परीक्षेला बसल्यासारखं होतं. आमचं बोलणं "कशी आहेस?" आणि "बरी आहे" याच्या पुढे फारसं सरकलेलं नाही.

७ फेब्रुवारी

केला एकदाचा फोन. वाटलं होतं, टाळतील. लगेच म्हणाल्या, "सोमवारी आणि गुरुवारी दुपारी येत जाईन. पण एक अट आहे. पडद्यावर जे येईल ते तू मोठ्याने वाचायचंस. शब्दन् शब्द. मी वाचणार नाही."

"का हो ताई?"

"डोळ्यांनी वाचलेलं विसरतं. तोंडाने वाचलेलं राहतं."

पन्नास मुलं शिकवल्यासारखा आवाज. मी मुकाट्याने बरं म्हणाले.

९ फेब्रुवारी

पहिला धडा. ताई खिडकीच्या बाजूला खुर्ची ओढून बसल्या, पडद्याकडे तिरकं बघत. सरळ बघायची सुद्धा गरज वाटत नाही यांना, असं मनात आलंच.

मी यंत्राला त्याची अवस्था विचारली. उत्तर आलं एका शब्दात आणि मी अडखळले. "एन... एन्फो... एन्फोर्सिंग."

"म्हणजे नियम चालू आहेत," ताई म्हणाल्या. "या यंत्रात एसईलिनक्स नावाचा पहारेकरी आहे. आता मला सांग, तुमच्याकडे रक्त काढलं की पिशवी कुठे जाते?"

"न तपासलेल्या पिशव्यांच्या फ्रिजमध्ये. वर 'तपासणी बाकी' चिकटवून."

"ती पिशवी डॉक्टरबाईंनी मागितली तर देशील?"

"छे! तपासणी होऊन लेबल बदलल्याशिवाय कोणालाच नाही."

"पण त्या तर इथल्या मुख्य आहेत."

"मुख्य असल्या म्हणून काय झालं? लेबल 'बाकी' म्हणतंय ना!"

ताई हसल्या. बावीस वर्षांत मी त्यांना इतकं मोकळं हसताना पाहिलं नव्हतं. "मग तुला सगळं येतंच आहे. इथेही प्रत्येक फाइलला लेबल असतं आणि चालणाऱ्या प्रत्येक प्रोग्रॅमलाही. कोणत्या लेबलच्या प्रोग्रॅमने कोणत्या लेबलच्या फाइलला हात लावायचा, हे आधीच लिहून ठेवलेलं असतं. जे लिहिलेलं नाही ते बंद. मागणारा कितीही मोठा असो."

"आणि ते कोणी लिहायचं? मी?"

"तू काही लिहायचं नाहीस. यंत्रात लिनक्स बसवलं की नियमांचा एक संच सोबतच येतो. नवख्या माणसाने पहिल्या दिवशी फक्त एक करायचं. तो बंद करायचा नाही."

घरी येऊन ह्यांना सांगितलं की, तुमची बहीण फार हुशार आहे. हे म्हणाले, "हे तुला आज कळलं?"

१२ फेब्रुवारी

आजचा धडा छोटा, पण आवडला. हा आयता संच घरातल्या प्रत्येकाच्या मागे लागत नाही. जे प्रोग्रॅम बाहेरच्या जगाशी बोलतात, म्हणजे संकेतस्थळ दाखवणारा, टपाल घेणारा, नावनोंदणी साठवणारा, त्यांना तो ज्याच्या त्याच्या खोलीत डांबतो. मी आत बसून काम करते, मला फारसं अडवत नाही. "दारात बसणारा माणूस फितूर झाला तरी त्याचा हात तिजोरीपर्यंत पोचू नये, एवढ्यासाठी हे," ताई म्हणाल्या.

मी विचारलं, हे इतके हजारो नियम लिहिले कोणी? म्हणाल्या, "शेकडो लोकांनी, वर्षानुवर्षं. तुमची रक्तपेढी त्यांनी पाहिलेली नाही, तुझं नावही त्यांना माहीत नाही. तरी तुझ्याकडून काय चुकू शकतं याचा विचार करून ठेवलाय त्यांनी."

कितीतरी वेळ माझ्या डोक्यातून हे जात नव्हतं.

ताई जाताना दुसऱ्याच कोणाच्या चपला घालून निघाल्या होत्या. आमची प्रयोगशाळेतली तंत्रज्ञ मागे धावली. मोठ्या माणसांचं लक्ष असं कुठेतरी वर असतं.

१७ फेब्रुवारी

आज जे केलं ते इथे लिहिते, कारण दुसरं कुठे सांगायची सोय नाही.

रुग्णालयांना कोणत्या गटाचा किती साठा आहे ते संकेतस्थळावर दिसायला हवं. त्या तक्त्यांच्या फाइली नोकरी सोडून गेलेल्या जुन्या गृहस्थांच्या घरच्या फोल्डरात, म्हणजे यंत्रातल्या त्यांच्या खासगी जागेत, पडलेल्या होत्या. मी त्या उचलून संकेतस्थळाच्या फोल्डरात नेल्या. पान उघडलं तर "परवानगी नाकारली". फाइलींना सगळ्यांसाठी सगळी परवानगी दिली. तेच. इरेला पेटून जुन्या गृहस्थांचं आख्खं फोल्डर सताड उघडं केलं. तरी तेच.

व्यवस्थापक तीनदा येऊन गेले. "सत्तावीसला सरकारी तपासणीचे लोक येणार आहेत, बाई. त्यांना पान दिसलं पाहिजे. जुन्या माणसाला पाच मिनिटं लागली असती."

ते शेवटचं वाक्य लागलं. इंटरनेटवर शोधलं. दहापैकी आठ जणांनी एकच औषध सांगितलं होतं: एसईलिनक्स बंद करा. ताईंना फोन करायला हात गेला आणि मागे आला. दुसऱ्याच आठवड्यात रडत जायचं? एक ओळ टाइप केली. यंत्राला विचारलं, तर म्हणालं "पर्मिसिव्ह". म्हणजे पहारेकरी जागा आहे, वहीत लिहितो आहे, पण अडवत कोणालाच नाही.

पान झटक्यात उघडलं. व्यवस्थापक म्हणाले, "बघा, जमतंय की तुम्हाला!" सगळ्यांसमोर म्हणाले. चहा गोड लागेना.

१९ फेब्रुवारी

ताई आल्या. नेहमीप्रमाणे म्हणाल्या, "आधी अवस्था विचार आणि वाच."

पडद्यावर ठळक अक्षरांत पर्मिसिव्ह. ताई हाताच्या अंतरावर बसलेल्या. आता पकडली जाणारच, असं वाटलं आणि तोंडातून निघून गेलं, "एन्फोर्सिंग."

ताईंनी मान थोडी कलती केली. मग म्हणाल्या, "बरं. पुढे."

त्यांनी पाहिलं कसं नाही? दोन वेळा त्यांच्याकडे वळून बघितलं. त्या खिडकीबाहेर बघत होत्या. नशीब म्हणायचं का याला? चोराच्या मनात चांदणं, तसं झालंय माझं.

तपासणी होऊ दे, लगेच चालू करीन.

२३ फेब्रुवारी

धडा झाल्यावर ताईंना घरी सोडायला गेले, औषधांची पिशवी जड होती म्हणून. दारात रोजची वर्तमानपत्रं घडी न मोडता रचलेली. म्हटलं, वेळ मिळत नसेल. आत गेल्यावर त्यांनी चहा केला. कपात बोटाचं टोक बुडवून चहा किती आला ते बघत होत्या. मग पिशवीतून दोन बाटल्या काढून माझ्यापुढे धरल्या आणि अगदी सहज म्हणाल्या, "यातली डोळ्यांत घालायची कोणती गं? अक्षर फार बारीक छापतात हल्ली."

अक्षर बारीक नव्हतं. बोटभर होतं.

मी उजवीकडची बाटली त्यांच्या हातात दिली. चहा संपवून निघाले. बसमध्ये एकेक गोष्ट आठवत गेली. तिरकं बघणं. चपला. "डोळ्यांनी वाचलेलं विसरतं."

ज्या बाईला दिसत नाही तिला मी खोटं वाचून दाखवलं. आंधळ्याच्या हातात खोटं नाणं ठेवणारे लोक असतात असं ऐकलं होतं. ते असे दिसतात तर. माझ्यासारखे.

तरीही आज नियम चालू केले नाहीत. चालू केले की पान बंद पडणार, आणि तपासणी चार दिवसांवर. आपण किती हलके आहोत ते माणसाला अशाच वेळी कळतं.

२६ फेब्रुवारी

सकाळी साडेदहाला पहारेकऱ्याची वही, म्हणजे लॉग, उघडला. तपासणीआधी सगळं नीट आहे ना, एवढंच बघायचं होतं. तक्त्यांच्या ओळी अपेक्षित होत्या. मध्येच वेगळ्या ओळी दिसल्या. संकेतस्थळ दाखवणारा प्रोग्रॅम जुन्या गृहस्थांच्या फोल्डरात शिरून एक फाइल वाचायला गेला होता. त्या फाइलीत आमच्या रक्तदात्यांची नावं, फोन, पत्ते आहेत. तेराशे बारा जण. त्याला तिकडे कोणी पाठवलं? पण ओळीत स्पष्ट शब्द होता: "नाकारलं". जिवात जीव आला. ताईंना फोन लावला.

"ताई, कोणीतरी आत शिरायला बघत होतं, पण अडवलंय. लॉगमध्ये 'नाकारलं' असं लिहिलंय!"

"ओळ शेवटपर्यंत वाच."

"नाकारलं... वाचणे..." मी वाचत गेले. प्रोग्रॅमचं लेबल, फाइलचं लेबल. शेवटच्या शब्दाशी थांबले.

"वाच."

"पर्मिसिव्ह बरोबर एक."

"म्हणजे अडवायला हवं होतं अशी नोंद केली आणि आत सोडलं," ताई शांतपणे म्हणाल्या. "नियम चालू असते तर तिथे शून्य असतं. आधी सर्व्हरची बाहेरची केबल काढ. यंत्र बंद करू नकोस, नुसती केबल काढ. मग डॉक्टरबाईंकडे जा. मी निघते आहे."

केबल काढली. मग फोनवरच सगळं सांगितलं. सतरा तारखेचं, एकोणीसचंही. रडायला येत होतं, पण रडण्याचा हक्क आपला नाही असं वाटत होतं.

"माहीत आहे मला," ताई म्हणाल्या.

"काय माहीत आहे?"

"एन्फोर्सिंग हा शब्द तू एकदाही धड वाचला नव्हतास. त्या दिवशी घडाघडा म्हणालीस. वाचून नाही, आठवून म्हणालीस."

"मग बोलला का नाहीत?"

"'खोटं वाचतेस' म्हणाले असते, तर 'तुम्हीच बघा ना' म्हणाली असतीस. मग मला सांगावं लागलं असतं."

डॉक्टरबाईंसमोर मी उभी होते तेवढ्यात ताई आल्या, दाराची चौकट हाताने चाचपत. मी सगळं माझ्यावर घेत होते. ताईंनी मध्येच थांबवलं. "अर्धी चूक माझी आहे, डॉक्टर. मला मधलं काहीच दिसत नाही, कडेकडेचं तेवढं दिसतं. सहा महिने झाले. सांगितलं तर सगळे मला खुर्चीत बसवून ठेवतील म्हणून लपवलं. हिच्या खोट्याला आठवडाभर माझी सोबत होती."

सत्तरीच्या जवळ आलेली बाई, परक्या माणसांपुढे, कोणी विचारलेलं नसताना. मी आयुष्यात इतकं सरळ उभं राहिलेलं माणूस पाहिलेलं नाही.

व्यवस्थापक म्हणाले, "बोभाटा कशाला करायचा? कोणाला कळणार आहे?"

डॉक्टरबाई म्हणाल्या, "ज्यांचं रक्त घेतलं त्यांना. आपण कळवणार आहोत." उद्याची तपासणीही त्यांनी फोन करून पुढे ढकलली, खरं कारण सांगून. मी राजीनाम्याचा विषय काढला. "ते मग बघू. तो लॉग वाचता येणारं इथे दुसरं कोण आहे? बसा आणि वाचा."

२८ फेब्रुवारी

दोन दिवसांत उलगडलं ते असं. शिबिराच्या नावनोंदणीच्या अर्जावर फोटो चढवायची सोय आहे. कोणीतरी फोटोच्या नावाखाली एक छोटा प्रोग्रॅम चढवला. तो संकेतस्थळाच्या प्रोग्रॅमच्या नावाने चालला आणि घरभर हिंडला. आयत्या नियमांत संकेतस्थळाला लोकांच्या घरच्या फोल्डरात जायची मुभाच नाही. नियम चालू असते तर तो उंबरठ्यावरच थांबला असता. वर फोल्डर सताड उघडं करून ठेवणारी मी. दोन्ही दारं मीच उघडली.

आणखी एक गोष्ट कळली. मी केलेला बदल तात्पुरता होता. या नऊ दिवसांत कधी वीज जाऊन यंत्र पुन्हा सुरू झालं असतं, तर नियम आपोआप परत चालू झाले असते. एरवी आठवड्यातून दोनदा जाते.

नुसती नावं गेली की आणखी काही बदललं? रक्ताच्या गटाच्या नोंदी बदलल्या असतील तर? चुकीच्या गटाचं रक्त म्हणजे माणूस जातो. डॉक्टरबाईंनी हुकूम काढला: संगणकाच्या शब्दावर एकही पिशवी बाहेर जाणार नाही. साठ्यात एकशे शहाऐंशी पिशव्या. प्रत्येक पिशवीच्या नळीतलं थोडं रक्त घेऊन गट पुन्हा तपासायचा आणि कागदी रजिस्टरशी ताडायचा. तंत्रज्ञ तपासते, मी रजिस्टर वाचते, ताई ऐकून जुळतंय की नाही सांगतात. दुपारी एका बाळंतिणीसाठी तातडीने दोन पिशव्या मागितल्या. त्या रांग मोडून आधी तपासल्या. पंचवीस मिनिटं लागली. ती पंचवीस मिनिटं मी मोजली आहेत.

२ मार्च

एकशे शहाऐंशीच्या एकशे शहाऐंशी बरोबर. गटांना कोणी हात लावलेला नाही. शेवटची पिशवी जुळली तेव्हा तंत्रज्ञ जमिनीवरच बसली. बाळंतीण सुखरूप आहे.

नावं मात्र गेली ती गेली. गेलेलं परत आणायची ओळ नसते.

५ मार्च

यंत्र पुसून नव्याने उभं केलं. हात माझे, ताई बाजूला. लिनक्स बसवलं, आयता नियमसंच सोबत आलाच, चालू अवस्थेत. अर्जातला फोटोचा भाग बंद ठेवला. जुन्या नोंदी चांगल्या प्रतीवरून आणल्या. आता फक्त साठ्याचं पान. मुद्दाम तसंच केलं, तक्ते घरच्या फोल्डरातून उचलून नेले. परवानगी नाकारली.

"ओळ वाच," ताई म्हणाल्या. "फाइलचं लेबल काय म्हणतंय?"

"घरची फाइल."

"आणि ठेवलीस कुठे?"

"संकेतस्थळाच्या फोल्डरात." आणि ट्यूब पेटली. नक्कल केली असती तर तिला नव्या जागेचं लेबल मिळालं असतं. मी उचलून नेली म्हणून ती जुनंच लेबल मिरवत आली! पिशवी योग्य फ्रिजमध्ये, वर चिठ्ठी भलतीच. पहारेकरी बिचारा चिठ्ठी वाचून अडवत होता. त्याचं काय चुकलं?

"आता यंत्राला सांग, या फोल्डरातल्या सगळ्यांना इथलं नेहमीचं लेबल लाव."

एक ओळ. पान उघडलं. नियम चालू, पान चालू. त्या दिवशी ही एक ओळ विचारायला मला लाज वाटली होती.

कुठल्या तरी माणसाने, मी जन्मात भेटणार नाही अशा, बसून लिहून ठेवलं होतं की अशा फोल्डरातल्या फाइलींचं लेबल काय असावं. त्याच्या पाया पडावंसं वाटलं. ताईंना म्हटलं तर म्हणाल्या, "पाया नको पडू. त्याने लिहिलेलं वाच, म्हणजे झालं."

डोळ्यांचं विचारलं. डॉक्टर म्हणतात, गेलेली नजर येणार नाही, आहे ती उपचारांनी टिकली तर टिकेल. आपल्याला कसं कळलं नाही, हाच घोर ह्यांना दोन दिवस. मी म्हटलं, मला शेजारी बसून कळलं नाही.

११ मार्च

तेराशे बारा फोन. पत्र पाठवून भागलं असतं, असं व्यवस्थापकांचं म्हणणं. डॉक्टरबाई म्हणाल्या, ज्याने रक्त दिलं त्याला आवाज ऐकू आला पाहिजे. पाच दिवस आम्ही दोघी समोरासमोर बसून करतो आहोत. मी यादीतला नंबर वाचते, ताई एकदा ऐकतात आणि बोटांनी लावतात. दहा आकडे, एकदाही चुकल्या नाहीत. टेलिफोन खात्यातली तीस वर्षं. दुसऱ्या फोनवरून मी माझे करते.

काही जण फार बोलले. एक गृहस्थ म्हणाले, यापुढे तुमच्या दारात पाऊल ठेवणार नाही. एका शिक्षिकेने विचारलं, "गेल्या वर्षीचं माझं रक्त कोणाला उपयोगी पडलं का हो?" सांगता येत नाही म्हटलं, पण वाया गेलं नाही एवढं नक्की. ती म्हणाली, मग ठीक आहे. एकाने नुसतं विचारलं, चूक कोणाची? मी म्हणाले, माझी. तो म्हणाला, कळवलंत हे बरं केलंत. सोळा जणांनी यादीतून नाव काढायला सांगितलं. काढलं.

राजीनाम्याचं पत्र अजून डॉक्टरबाईंच्या खणात आहे. आज आठवण केली तर म्हणाल्या, दुसऱ्या दोन रक्तपेढ्यांचे लोक तुमच्याकडे शिकायला पाठवतेय, पुढच्या महिन्यात. हे पत्राचं उत्तर झालं का, ते मला कळलं नाही.

दुपारी माझा एक फोन संपला आणि ताईंचं बोलणं कानावर आलं. पलीकडचा माणूस चिडलेला असावा, तुम्ही कोण बोलताय म्हणून ओरडत होता. ताई मान ताठ करून, अगदी ठणठणीत आवाजात म्हणाल्या, "मी होय? इथे संगणक विभागाच्या प्रमुख आहेत ना, त्यांची मी नणंद."

मी काही प्रमुख वगैरे नाही. सांगणार होते त्यांना तसं, पण तोवर त्यांनी हात पुढे करून पुढचा नंबर मागितला होता.